बँक सीझिंगची गाडी लिलावात घ्यायची असेल तर: पहिल्यांदाच उतरणाऱ्यांसाठी

मागच्या दोन-तीन वर्षांत ओळखीतल्या बऱ्याच जणांनी मला एकच प्रश्न विचारलाय, बँकेनं ओढून आणलेल्या गाड्या लिलावात स्वस्तात मिळतात म्हणे, घ्यायची का? प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढतो. मी स्वतः अशा दोन गाड्या घेतल्यात. पहिली २०१५ ची वॅगनआर, गाडी म्हणून एक नंबर निघाली पण माझ्या नावावर व्हायला पाच महिने गेले, तेवढे दिवस ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी होती आणि घरचे रोज विचारायचे की घेतलीस कशाला. दुसरी पंधरा दिवसांत नावावर झाली, कारण तोपर्यंत मला एवढं कळलं होतं की लिलावात आधी कागद बघायचे आणि मग गाडी.

स्वस्त का मिळते ते आधी समजून घ्या

हप्ते थकले की बँक किंवा फायनान्स कंपनी नोटिसा देते, मग गाडी ताब्यात घेते आणि यार्डात नेऊन उभी करते. यार्डचं भाडं रोज चढतं आणि गाडीची किंमत रोज उतरते, त्यामुळे बँकेला ती लवकर काढून मोकळं व्हायचं असतं. बँक काही गाड्यांचा धंदा करत नाही, ती पॉलिश मारत नाही, सर्व्हिसिंग करत नाही, गॅरंटी देत नाही आणि रस्त्यावर टेस्ट ड्राइव्ह तर नाहीच नाही. अटींमध्ये एक वाक्य हमखास असतं, गाडी 'जशी आहे, जिथे आहे' या तत्त्वावर विकली जाईल. याचा सरळ अर्थ असा की पैसे भरल्यावर गिअरबॉक्स फुटका निघाला तरी तक्रार करायला जागा नाही. डीलरकडून गाडी घेताना जी जोखीम डीलर उचलतो ती इथे तुम्ही उचलता, आणि बाजारभावापेक्षा जे कमी पैसे पडतात ते त्या जोखमीचे पडतात. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

लिलाव बरेच प्रकारचे असतात आणि नवीन माणूस इथेच गोंधळतो. बँका आणि फायनान्स कंपन्यांच्या गाड्या बहुतेक वेळा लिलाव कंपन्यांमार्फत निघतात, श्रीराम ऑटोमॉलसारख्यांची स्वतःची यार्डं आहेत आणि बोली ऑनलाइनही लावता येते. काही बँका आपल्या वेबसाइटवर यादी टाकतात, काही सहकारी बँका आणि पतसंस्था अजूनही पेपरात जाहीर नोटीस देतात, तालुक्याच्या ठिकाणी तर अशा नोटिशीवर लक्ष ठेवणारे फार कमी असतात त्यामुळे तिथे कधी कधी चांगली गाडी मिळून जाते. सरकारी खात्यांच्या जुन्या गाड्या एमएसटीसी या केंद्र सरकारच्या कंपनीच्या पोर्टलवर निघतात, पण तिथे एक गोष्ट बघा, १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांचं रजिस्ट्रेशन रिन्यू होत नाही, त्या फक्त नोंदणीकृत स्क्रॅप सेंटरलाच जातात, म्हणजे स्वस्त अँबेसिडर किंवा जीप दिसली म्हणून उडी मारू नका, लॉटच्या, म्हणजे लिलावात काढलेल्या त्या गाडीच्या, वर्णनात काय लिहिलंय ते वाचा. पोलीस स्टेशनच्या बेवारस गाड्यांचे लिलाव नवीन माणसानं सोडूनच द्यावेत.

आणि चौथा प्रकार म्हणजे विमा कंपन्यांचा सॅल्व्हेज, म्हणजे मोडलेल्या-बुडालेल्या गाड्यांचा लिलाव. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या किमतीच्या) ७५ टक्क्यांच्या वर गेला की विमा कंपनी ती टोटल लॉस धरते, मालकाला पैसे देते आणि गाडी भंगाराच्या भावात लिलावात काढते. ऑगस्ट २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा महापूर आठवा, जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेलं तेव्हाचे फोटो आठवा, छपरापर्यंत बुडालेल्या त्या गाड्या कुठेतरी गेल्याच ना. त्यातल्या काही धुवून, वाळवून, सीट कव्हर बदलून परत बाजारात येतात. म्हणून लिलाव कोणत्याही प्रकारचा असो, पाण्यात बुडालेली गाडी ओळखता आलीच पाहिजे, ते खाली सांगतो.

हा लेख मुख्यतः बँक सीझिंगच्या खासगी, पांढऱ्या नंबर प्लेटच्या कारबद्दल आहे. पिवळ्या प्लेटची टॅक्सी घेऊन खासगी करायची तर परमिट सरेंडर, थकलेला टॅक्स, टॅक्समधला फरक असं वेगळंच काम असतं, पहिल्या गाडीला ते करू नका.

कागद, आणि परत कागद

यादीत गाडी आवडली की सगळ्यात आधी तिचा नंबर घ्या आणि सरकारच्या एमपरिवहन ॲपवर किंवा 'वाहन' नावाच्या सरकारी साइटवर टाका. फुकट आहे. मालकाचं नाव अर्धवट दिसतं पण बाकी बरंच कळतं: रजिस्ट्रेशनची तारीख, कितवा मालक, इंधन, फिटनेस कधीपर्यंत, इन्शुरन्स कधी संपला, पीयूसी, गाडीवर कोणाचा एचपी आहे म्हणजे कर्जाचा बोजा कोणाचा, आणि गाडी ब्लॅकलिस्ट आहे का. एचपीमध्ये ज्या बँकेचं नाव आहे तीच बँक लिलाव करतेय ना हे ताडून बघा. दुसऱ्याच बँकेचं नाव दिसलं तर विचारा, आणि समाधानकारक उत्तर नाही मिळालं तर ती गाडी सोडा. मग ई-चलानच्या साइटवर जाऊन दंड बघा, मुंबई-पुण्यात फिरलेल्या गाडीवर दहा-पंधरा हजारांची चलानं साठलेली असणं हे काही विशेष नाही, आणि ती कोण भरणार हे लिलावाच्या अटीत बहुतेक वेळा तुमच्यावरच ढकललेलं असतं.

१५ वर्षं होत आलेली गाडी असेल तर रजिस्ट्रेशनची मुदत बघा, रिन्यू करताना आरटीओत गाडी दाखवावी लागते आणि पर्यावरण कर वेगळा लागतो. दुसऱ्या राज्याची पासिंग असेल तर मूळ आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स परत भरणं, नवीन नंबर घेणं, एवढं सगळं आलं. दिल्लीकडच्या जुन्या डिझेल गाड्या इकडे फार स्वस्त दिसतात त्याचं कारण तिकडचे १० वर्षांच्या डिझेलवरचे निर्बंध, पण टॅक्स धरला की तो स्वस्तपणा बराचसा उडून जातो. पहिली गाडी एमएच पासिंगचीच घ्या आणि जमलं तर आपल्याच आरटीओची.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यानं माझे पाच महिने खाल्ले. साध्या सेकंडहँड व्यवहारात विकणारा माणूस तुमच्यासमोर असतो, तो फॉर्म २९ आणि ३० वर सही करतो, आधार देतो, त्याच्या मोबाइलवर ओटीपी येतो, काम झालं. सीझिंगच्या गाडीत हा माणूसच नसतो. ज्याची गाडी ओढून नेली तो तुम्हाला ओटीपी कशाला सांगेल? त्याच्या घरावर काय वेळ आली असेल ते त्यालाच माहीत. कर्ज देताना बँकेनं त्याच्याकडून कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन ठेवलेल्या असतात, काही ठिकाणी त्यावर काम भागतं, पण सही जुळली नाही किंवा आरटीओनं मूळ मालकाला हजर करा म्हटलं की फाइल अडकली. माझी तिथेच अडकली.

यावर कायद्यात सरळ रस्ता आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५१ मध्ये सांगितलंय की हप्ते थकल्यामुळे फायनान्सरनं गाडी ताब्यात घेतली आणि मूळ मालक आरसी देत नसेल किंवा सापडत नसेल तर फायनान्सर स्वतःच्या नावावर नवीन आरसी मागू शकतो. त्यासाठी फॉर्म ३६ असतो, आरटीओ मूळ मालकाला नोटीस पाठवतं, त्याला म्हणणं मांडायची संधी देतं आणि मग बँकेच्या नावावर आरसी निघते. तिथून पुढे बँक विकणारी आणि तुम्ही घेणारे, म्हणजे साधा व्यवहार. तर तुम्ही बोली लावायच्या आधी यार्डाच्या माणसाला नाही, बँकेच्या माणसाला विचारायचं की आरसी बँकेच्या नावावर झालीय का, नसेल तर ते काम कोण करणार, किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चानं. उत्तर ईमेलवर घ्या. तोंडी उत्तराला 'हो सर होऊन जाईल' यापलीकडे काही अर्थ नसतो, हे मी अनुभवानं सांगतोय. माझ्या दुसऱ्या गाडीची आरसी आधीच बँकेच्या नावावर झालेली होती, पंधरा-वीस हजार जास्त गेले असतील पण मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

त्याच ईमेलमध्ये अजून विचारा: मूळ आरसी आहे का, किल्ल्या किती आहेत, गाडी ताब्यात घेण्याआधी आणि घेतल्यावर पोलीस स्टेशनला दिलेल्या पत्रांच्या कॉपी मिळतील का, मूळ मालकानं कोर्टात किंवा ग्राहक आयोगात केस टाकलीय का. पोलिसांच्या पत्राची कॉपी यासाठी की काही वेळा मालकानं गाडी चोरीला गेल्याची तक्रार देऊन ठेवलेली असते, आणि मग नाकाबंदीत गाडी अडवली की उत्तरं तुम्हाला द्यावी लागतात.

यार्डात गाडी बघणं

लिलावाच्या आधी दोन-तीन दिवस पाहणीचे असतात. जा म्हणजे जाच. फोटो बघून बोली लावणारे लोक आहेत पण ते डीलर आहेत, दहातली एक बुडाली तरी बाकी नऊमध्ये त्यांचं निघतं, तुमची एकच आहे. सकाळच्या उजेडात जा, पावसात जाऊ नका, ओल्या पत्र्यावर रंगातला फरक दिसत नाही. सोबत ओळखीचा गॅरेजवाला घ्या, त्याचा अर्धा दिवस जाणार आहे तर त्याला हजार-दीड हजार आपणहून द्या. टॉर्च, लोहचुंबक, एक जुना टॉवेल, आणि मिळाला तर ओबीडी स्कॅनर, हजार-दोन हजारात साधा मिळतो, मोबाइलला ब्लूटूथनं जोडला की गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर कोड दिसतात. यार्डातली बॅटरी बहुतेक मेलेली असते, आधी फोन करून विचारा की जंप स्टार्ट देणार का, नाहीतर आपली बॅटरी आणि केबल घेऊन जा. जी गाडी स्टार्टच करू देत नाहीत तिचं इंजिन बंद आहे असं धरूनच हिशेब करायचा.

पहिलं काम चासी नंबर आणि इंजिन नंबर प्रत्यक्ष बघायचं. चासी नंबर १७ अक्षरांचा असतो, भारतात बनलेल्या मारुतीचा एमए३ नं सुरू होतो, ह्युंदाईचा एमएएल, टाटाचा एमएटी. यादीतल्या नंबरशी एकेक अक्षर जुळवा. आजूबाजूचा पत्रा घासलेला, वेल्डिंग केलेला किंवा तेवढाच भाग नवीन रंगवलेला दिसला तर तिथूनच परत फिरा.

मग बॉडी. लोहचुंबक रुमालात गुंडाळून दार, फेंडर, डिकीच्या कडा यांवर फिरवा, जिथे धरत नाही तिथे आत लांबी म्हणजे पुटी भरलेली आहे. थोडंफार डेंटिंग-पेंटिंग झालेलं असणं चालतं, आपल्याकडे कुठली गाडी घासल्याशिवाय राहते, पण बोनट उघडून पुढच्या क्रॉस मेंबरची (आडव्या पट्टीची) आणि दोन्ही बाजूंच्या एप्रनची (चाकांवरच्या आतल्या पत्र्याची) वेल्डिंग बघा, कंपनीची वेल्डिंग ठिपक्याठिपक्यांची सारखी असते आणि गॅरेजची ओबडधोबड. बोनटचे आणि दारांचे बोल्ट बघा, रंग उडून पाना लागल्याच्या खुणा असतील तर तो भाग निघालेला आहे. काचांवर तारखेचे कोड असतात, सगळ्या काचा एका सालाच्या आणि एकच वेगळी असेल तर त्या बाजूला काय झालं होतं ते शोधा.

पाण्यात बुडालेली गाडी ओळखायला सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. पुढचा भाग सगळे धुतात, पण जो भाग कायम गुंडाळीत असतो तिथे चिखलाची रेघ राहते. स्टेपनीखालची खाच बघा, कार्पेटचा कोपरा उचलून खाली हात फिरवा, सीटच्या रेलचे बोल्ट आतून गंजलेत का बघा, फ्यूज बॉक्समध्ये बारीक माती आहे का, हेडलाइटच्या आत पाण्याची पातळी दाखवणारी रेघ आहे का. गाडी बंद करून दहा मिनिटं आत बसा आणि वास घ्या. परफ्यूमचा भडिमार असेल तर जास्तच लक्ष द्या. कोकणातल्या गाडीला खालून गंज असतोच, एमएच ०८ ची गाडी असेल तर लिफ्ट नसली तरी खाली झोपून टॉर्च मारा, पण तो गंज सगळीकडे बाहेरून असतो, बुडालेल्या गाडीचा गंज आतल्या बंद जागांमध्ये असतो, एकदा दोन्ही बघितले की फरक कळायला लागतो.

इंजिन थंड असतानाच स्टार्ट करायला सांगा. कोणीतरी आधीच गरम करून ठेवलं असेल तर बोनटला हात लावून कळतं. स्टार्ट झाल्या झाल्या निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा धूर थांबतच नाही आणि गोडसर वास येतो म्हणजे कूलंट जळतोय, हेड गॅस्केटचं काम. डिपस्टिकवर किंवा ऑइलच्या झाकणाच्या आत दुधी चहासारखा थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी गेलंय, पुढे बघायची गरजच नाही. यार्डात जेवढी पुढे-मागे करू देतात तेवढ्यात क्लच किती वर उचलतो, रिव्हर्स गिअर आवाज करून पडतो का, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर एक्सलमधून टकटक येते का, हे बघून घ्या. एसी लावा. सगळ्या काचा वर-खाली करा. महिनोनमहिने उभ्या गाडीत उंदीर वायरिंग कुरतडतात, बोनटखाली लेंड्या दिसल्या तर वायरिंगचा खर्च धरा.

किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, पायाखाली बघा. मीटर ४० हजार दाखवतोय आणि ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, स्टिअरिंग चकाकतंय, असं होत नाही. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो, २३१९ म्हणजे २०१९ सालातला २३ वा आठवडा, त्यावरून टायर किती जुने ते कळतं. डॅशबोर्डच्या कप्प्यात सर्व्हिस बुक किंवा जुनं बिल बऱ्याचदा तसंच पडलेलं असतं, त्यात तारीख आणि किलोमीटर लिहिलेले असतात, फोटो काढून घ्या. सीएनजी गाडी असेल तर सिलिंडरच्या प्लेटवर शेवटच्या टेस्टिंगची तारीख बघा, दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट लागते, आणि किट बाहेरून बसवलेलं असेल तर आरसीवर सीएनजीची नोंद आहे ना ते बघा.

आकडा घरी ठरवायचा

बोली लावताना नाही, आदल्या रात्री, कागदावर. मी करतो तो हिशेब असा. समजा त्याच सालाची, त्याच मॉडेलची गाडी बाहेर चांगल्या अवस्थेत ३ लाख ९० हजारांना मिळतेय. त्यातून वजा करत या: बॅटरी ५ हजार, चार टायर १८ हजार, सर्व्हिसिंग आणि क्लचचं काम १५ हजार, इन्शुरन्स १२ हजार, आरटीओ आणि एजंट ८ हजार, लिलाव कंपनीची फी आणि त्यावरचा जीएसटी १० हजार, टोचन ४ हजार, आणि न दिसलेल्या कामांसाठी २५ हजार. झाले ९७ हजार. म्हणजे २ लाख ९३ हजारांना गाडी घेतली तर ती तुम्हाला बाजारभावानंच पडली, फायदा शून्य आणि जोखीम सगळी तुमची. म्हणून त्यातून अजून ४० हजार कमी करायचे आणि अडीच लाखांच्या आसपास थांबायचं. हे आकडे माझे आहेत, तुमच्या गावात टायर आणि मजुरी वेगळी असेल, पण वजाबाकी अशीच करायची.

जीएसटी बोलीच्या रकमेत धरलाय की वर लागणार, हे अटीत शोधा आणि नाही सापडलं तर विचारा. जुन्या गाडीवर १८ टक्के दर आहे पण तो फरकाच्या रकमेवर, म्हणजे विक्रीत मार्जिन असेल तर, त्यामुळे काही लॉटवर काहीच लागत नाही आणि काहींवर लागतो, अंदाजानं चालू नका. १० लाखांच्या वरची गाडी असेल तर १ टक्का टीसीएस (विकणारा तुमच्याकडून घेऊन आयकर खात्यात भरतो तो कर) वेगळा जातो, तो रिटर्न भरताना हिशेबात येतो.

पैसे तयार ठेवा. लिलावाच्या गाडीला कर्ज सहज मिळत नाही आणि भरायची मुदत थोड्याच दिवसांची असते.

बोलीचा दिवस

लिलावात नाव नोंदवायला पॅन, आधार आणि ईएमडी म्हणजे अनामत रक्कम लागते, मी भरली तेव्हा २० हजार होती, गाडी नाही लागली तर परत मिळते. पण गाडी लागली आणि तुम्ही मागे हटलात तर जप्त होते, म्हणून सहज बघायला म्हणून बोली लावू नका. आधी एक-दोन लिलाव नुसते बघा. कुठल्या मॉडेलला शेवटी काय भाव जातो याची वही करा, मी पहिली बोली लावायच्या आधी महिनाभर तेवढंच केलं आणि त्याचा मला सगळ्यात जास्त उपयोग झाला.

ऑनलाइन बोलीत शेवटच्या मिनिटाला कोणी आकडा वाढवला की वेळ आपोआप वाढते, आणि तिथेच माणूस घसरतो. फक्त दोन हजारच तर जास्त, असं दहा वेळा म्हटलं की वीस हजार गेले. समोर बोली लावणाऱ्यांत बरेच जण रोजचे डीलर असतात आणि ते जिथे थांबतात त्याला काहीतरी कारण असतं. तुमचा कागदावरचा आकडा आला की मोबाइल बाजूला ठेवा. यार्डात समोरासमोर बोली असेल तर सोबत अशा माणसाला न्या जो तुम्हाला खरंच थांबवेल, माझ्याबरोबर बायको असते.

सगळ्यात वरची बोली तुमची म्हणजे गाडी तुमची, असं मात्र नाही. बहुतेक लॉट बँकेच्या मंजुरीवर असतात, आठवडा-दहा दिवस लागू शकतात, बँक नाही म्हणू शकते, फोन करून थोडं वाढवा असंही म्हणतात. वाढवायचं नाही, तुमचा आकडा विचार करून काढलेला आहे.

पैसे आणि ताबा

मंजुरीचं पत्र हातात आल्यावरच पैसे, आणि ते फक्त पत्रात लिहिलेल्या खात्यात, एनईएफटी किंवा आरटीजीएसनं. कोणाच्या वैयक्तिक खात्यावर नाही, क्यूआर कोडवर नाही, यार्डातल्या माणसाच्या हातात नाही. सोशल मीडियावर 'बँक सीझिंग स्विफ्ट फक्त ९० हजार, आज बुकिंग' अशा जाहिराती फिरतात, टोकन पाठवा म्हणतात आणि टोकन पाठवलं की फोन बंद. कृपा करून घरातल्या मोठ्या माणसांनाही हे सांगून ठेवा. दोन लाख किंवा त्यावर रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, त्यामुळे कोणी रोख मागत असेल तर तिथेच काहीतरी गडबड आहे.

पैसे पोचल्यावर रिलीज ऑर्डर मिळते आणि गाडी ठरलेल्या दिवसांत उचलायची असते, उशीर झाला की यार्डचं भाडं तुमच्यावर. उचलताना पाहणीच्या दिवशी काढलेल्या फोटोंशी गाडी जुळवा, मी असं ऐकलंय आणि एकदा बघितलंयही की मधल्या काळात स्टेपनी, म्युझिक सिस्टीम, बॅटरी गायब होते. फरक असेल तर गेट पासवर सही करायच्या आधीच बोला, नंतर कोणी ऐकत नाही.

यार्डातून गाडी चालवत आणू नका. इन्शुरन्स संपलेला असतो, पीयूसी संपलेला असतो, ब्रेक महिनोनमहिने वापरलेले नसतात. टोचन किंवा फ्लॅटबेडवर थेट गॅरेजला न्या. इन्शुरन्स काढताना विमा कंपनीला बँकेचं विक्रीपत्र दाखवून सांगा की आरसी अजून ट्रान्सफर व्हायचीय, लपवून पॉलिसी काढली तर क्लेमच्या वेळी ती अंगावर येते. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो गाडीचा नसून माणसाचा असतो.

आरटीओचं काम

हातात काय काय आलं पाहिजे ते बघा: बँकेचं विक्रीपत्र आणि पैसे मिळाल्याची पावती, एचपी उतरवण्यासाठी फॉर्म ३५ दोन प्रती आणि बँकेची एनओसी, फॉर्म २९ आणि ३०, मूळ आरसी किंवा फॉर्म ३६ नं बँकेच्या नावावर निघालेली नवीन आरसी, आणि बँकेच्या सही करणाऱ्या अधिकाऱ्याचं अधिकारपत्र. हे शेवटचं लोक विसरतात आणि खिडकीवरून परत येतात. सरकारी लिलावातली गाडी असेल तर फॉर्म ३२ लागतो, त्याच्याबरोबर लिलाव करणाऱ्या अधिकाऱ्याचं विक्रीचं प्रमाणपत्र आणि लिलावाला परवानगी देणाऱ्या सरकारी आदेशाची प्रत.

बँकेनं दिलेला प्रत्येक कागद तिथेच टेबलावर वाचा. चासी नंबरमधलं एक अक्षर चुकलं तरी परत नवीन कागद, आणि फॉर्म ३५ आणि एनओसीला मुदत असते, ती संपली की परत बँकेच्या चकरा. घेणाऱ्यानं ३० दिवसांत ट्रान्सफरचा अर्ज करायचा असतो, त्यामुळे गाडी गॅरेजमध्ये असतानाच फाइल हलवा. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट आधी बसवून घ्या, त्याशिवाय आरटीओतली बाकीची कामं अडतात. चलानं भरून पावत्या फाइलला लावा.

एजंट करायचा का? मी केला. सीझिंगच्या फाइली ज्यानं आधी केल्यात असाच शोधा, नवीन गाडीच्या पासिंगचा एजंट इथे उपयोगाचा नाही. पैसे अर्धे आधी, अर्धे आरसी हातात आल्यावर.

मधल्या काळात गाडी कोणाला चालवायला देऊ नका आणि नावावर व्हायच्या आधी पुढे विकू तर अजिबात नका. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की गाडी विकली गेली असली तरी आरसीवर ज्याचं नाव आहे तोच कायद्यानं मालक धरला जातो आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर येते. विचार करा, आधीच हप्त्यांत बुडालेल्या माणसाच्या नावावर तुमच्या हातून झालेला अपघात चढेल, आणि पोलीस तुम्हालाही सोडणार नाहीत.

गॅरेजमध्ये पहिल्याच फेरीत इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल बदला, टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, ब्रेक उघडून साफ करा, आणि टायमिंग बेल्टची गाडी असेल तर बेल्टचा इतिहास माहीत नाही असं धरून तोही बदला, तो तुटला तर इंजिनच जातं. ज्या गाड्यांना चेन असते तिथे हा खर्च नाही.

आरसी आली की नाव, पत्ता, चासी आणि इंजिन नंबर वाचा, एचपीच्या रकान्यात बँकेचं नाव राहिलेलं नाही ना बघा, वाहनच्या साइटवरही तेच दिसतंय ना ते बघा. मग नवीन आरसीवर स्वतःचा फास्टॅग काढा, काचेवर जुन्या मालकाचा टॅग चिकटलेला असेल तर तो खरवडून टाका, आणि इन्शुरन्स कंपनीला १४ दिवसांच्या आत नवीन आरसी पाठवून पॉलिसीवर तुमचं नाव नीट लागलंय याची पोच घ्या.